पंखा फिरला तो वैशाख

वैशाख लागला की शहरातल्या आमच्या गारखेडा भागात सकाळी नऊलाच गल्लीतली कुत्री उभ्या गाड्यांखाली शिरून बसतात. भाजीवाल्याच्या हातगाडीवरची मेथी दहापर्यंत मान टाकते. खिडक्याखिडक्यांतले कूलर सुरू होतात आणि त्यांच्या ओल्या गवताचा वास सगळ्या इमारतीभर पसरतो. या वासात माझ्या नाकाला आणखी एक वास येतो, जो खरं तर तिथं नसतो. गोडसर, कोमट, खोकल्याच्या औषधासारखा. गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, कूलंटचा.

मी कॉलेजात मराठी शिकवते. वैशाखावर बोला म्हटलं तर मोगरा, आंबा, वाळा यांवर तासभर बोलू शकते. पण मनातला माझा स्वतःचा वैशाख विचाराल तर तो तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या नखांत काळं ग्रीस आहे आणि त्याच्या मधोमध एक रेडिएटर आहे.

त्या वर्षी घरात मी आणि आबा असे दोघंच होतो. आबा म्हणजे माझे सासरे. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. अजिंठ्याजवळच्या एका वस्तीवर, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस सातवीनंतर शहरात आला आणि इंजिनांमागं लागला. मेंढराच्या नुसत्या खोकण्यावरून त्याचं दुखणं ओळखणारे त्यांचे वडील होते. आबांनी ती विद्या तशीच्या तशी बसला लावली, असं सासूबाई म्हणत. माझा नवरा त्या काळात कंपनीच्या कामानं पुण्याकडं होता. सासूबाई आमच्या लेकीला घेऊन आधीच गावी गेल्या होत्या, कारण घरात लग्न होतं. रेणुकाचं.

रेणुका ही आबांच्या धाकट्या भावाची मुलगी. नर्सिंगचं शिकायला ती आमच्याकडं तीन वर्षं राहिली. रोज सकाळी आबा तिला आमच्या गाडीतून कॉलेजला सोडत. गाडी तेव्हाही जुनीच होती. मूळची पांढरी, आता साईसारख्या रंगाची, एक दार आतून उघडावं लागणारी. त्या जाण्यायेण्यात कधीतरी आबांनी तिला शब्द दिला होता, "तुझी पाठवणी ह्याच गाडीतून करीन. म्या सोता चालवीन."

मग आबांचा उजवा हात थरथरू लागला. आधी बोटं, मग मनगट. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून आबा खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेऊन बसू लागले आणि हात त्याखाली ठेवू लागले. डेपोतले जुने सोबती कधी भेटायला आले तर "झोपलेत म्हनून सांग" म्हणत. पाठवणीला गाडी मी चालवायची असं ठरलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि गॅलरीत जाऊन बसले.

लग्न शुक्रवारी. मंगळवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. एकदम आबा गॅलरीतून ओरडले, "अगं, त्या कुत्र्याला हाकल! हाकल त्याला आधी!"

खाली आमच्या गाडीखाली एक तांबडं कुत्रं जमिनीवरचं काहीतरी चाटू पाहत होतं. मी अनवाणीच जिना उतरले. कुत्रं पळालं. फरशीवर हिरवट पाण्याचं थारोळं होतं, रंग उडालेल्या सरबतासारखं.

"गोड लागतंय त्याला," आबा मागून धापा टाकत आले. "पण विष हाय ते. आधी धू सगळं." मी बादलीभर पाणी ओतलं. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून बघितलं.

"रेडिएटर गेला," म्हणाले. "हे बघ."

इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या त्या जाळीच्या डोक्यावर प्लास्टिकची लांबट टाकी होती. नवी असताना काळी असावी. आता ती जुन्या बटाट्याच्या सालीसारखी तपकिरी झाली होती. जिथं जाड रबरी पाइप तिला जोडला होता, तिथं केसाएवढी चीर होती. चिरेच्या कडेला हिरवट पांढरी खपली धरली होती, म्हणजे गळती आजची नव्हतीच.

"आमच्या बसला पितळंचे असायचे," आबा म्हणाले. "फुटला की कथलाचा डाग द्यायचा, पुन्हा पाच साल. ह्याला डाग कशाचा देनार? प्लास्टिक म्हातारं झालं की नुसतं तडकतं. बदलायलाच पाहिजे."

कोपऱ्यावरचा नेहमीचा मेकॅनिक भाचीच्या लग्नाला पैठणला गेला होता. दुसऱ्याच्या दारात आठ गाड्या उभ्या होत्या. तो म्हणाला, "मॅडम, लग्नसराई हाय. शनिवारी आणा." तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. चौथा म्हणाला, चिकटपट्टी मारून देतो. ते ऐकून आबांनी माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला.

"भाड्याची गाडी सांगू," ते म्हणाले. "रेणुकाला कळवून टाक."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला सहन झाला नाही. मी विचार न करता बोलून गेले, "आबा, तुम्ही सांगा, मी करते."

"काय करते?"

"रेडिएटर बदलते."

ते माझ्याकडं बघतच राहिले. खरं सांगायचं तर मीही स्वतःकडं तशीच बघत होते. माझ्या माहेरी तीन पिढ्या पोथी नाहीतर लेखणी धरण्यात गेल्या. पणजोबा पूजा सांगत, आजोबा कचेरीत, वडील बँकेत. आमच्याकडं भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलवायचे, आणि तो ठोकत असताना घरातले सगळे लांब उभे राहून "सावकाश हं" म्हणायचे. घरात एक हातोडी होती. ती देवघराच्या खणात, वर्षातून एकदा नारळासाठी. पाना म्हटलं की मला आजही आधी झाडाचं पानच डोळ्यांसमोर येतं.

आबा आत गेले. मला वाटलं, विषय संपला. पण ते पलंगाखालची लोखंडी पेटी पायानं ढकलत बाहेर आले. "दहा नंबरचा पाना वर असंल," म्हणाले. "जुने कपडे घाल. आन् हातातल्या बांगड्या काढ."

माणसाच्या आयुष्यात मोठे प्रसंग सनई लावून येत नाहीत, हे मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. तो दिवस मोठा आहे हे मात्र मला त्याच वेळी कळलं. जुना कुडता, डोक्याला ओढणी, पार्किंगमधल्या शेवग्याच्या झाडाची विरळ सावली, शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आबा.

इंजिन थंडगार झालं होतं. आधी पाणी सोडायचं. रेडिएटरच्या तळाला एक छोटं बूच असतं. ते मी झोपून, चाचपडत शोधलं. खाली तसराळं ठेवलं आणि बूच फिरवलं. कूलंट तसराळ्यात कमी, माझ्या कोपरापर्यंत जास्त आलं. मला हसू आलं. आबा हसले नाहीत, पण म्हणाले, "पहिल्या दिवशी म्या डोक्यावर घेतलं व्हतं."

मग रेडिएटरमागच्या पंख्याची वायर सोडवली. मग पाइपाची क्लिप. ती पकडीत दाबून मागं सरकवायची. दोनदा सुटून बोटावर आपटली. मग पाइप उपसायचा. तो तसूभर हलेना.

"फिरव आधी. वढू नको, फिरव."

मी फिरवत होते.

"फिरव म्हनलो ना! जोर लावू नको!"

"लावत नाहीये."

"लावायलीस! मला दिसतंय ना इथून! नाय, नाय, आसं नाय…" आणि खटकन आवाज झाला. पाइप माझ्या हातात आला, सोबत टाकीचं प्लास्टिकचं तोंडही तुटून त्यात अडकून आलं. आबा खुर्चीवरून उठले, "तरी सांगत व्हतो! एक काम धड…"

"मला ओरडायचं नाही!" मी म्हटलं. सासऱ्यांना. मोठ्यानं. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

शेवग्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजत होत्या. आबा पुन्हा खुर्चीत बसले. टॉवेल पडला होता, हात मांडीवर उघडाच होता आणि जोरात थरथरत होता. ते त्याच्याकडं बघत म्हणाले, "तुझ्यावर नाय वरडलो मी. ह्याच्यावर वरडलो. समोर काम दिसतंय आन् ह्यो भाड्या नुसता नाचतोय."

मी तो पाइप पुढं केला. "आता हा तुकडा आतून कसा काढू?"

त्यांनी पाइप डाव्या हातात घेतला, उन्हाकडं धरून आत बघितलं. "पेचकसनं. हळूहळू, कडंकडंनं. तुटायचंच व्हतं ते. सतरा उन्हाळे झाले. नव्या रेडिएटरला नवं तोंड येतंय, घाबरू नको." आणि पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढून, अगदी माझ्या खांद्याला खांदा लागेल इतके जवळ येऊन बसले. टॉवेल त्यांनी उचलला नाही. मीच तो उचलून हात पुसायला घेतला.

त्यानंतरचा एक तास माझ्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी एक आहे. ते बोलत आणि माझे हात ते करत. "वरचे दोन बोल्ट." "खालचा पाइप." "आता दोन्ही हातांनी सरळ वर. पुढं एसीची जाळी हाय, तिला धक्का नाय लागला पाहिजे." मी श्वास रोखून उचलला. सतरा वर्षांची धूळ, वाळकी पानं, असंख्य चिलटं आणि एक अख्खं फुलपाखरू जाळीत चिकटवून घेतलेला तो रेडिएटर बाळासारखा वर आला. मी त्याला दोन्ही हातांत धरून उभी राहिले. कुणीतरी फोटो काढायला हवा होता.

नवा रेडिएटर मी मंगळवारी दुपारीच, जुना काढण्याआधी, क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून आणून ठेवला होता, गाडीचं नाव आणि साल सांगून. बुधवारी सकाळी तो जुन्याशेजारी उभा केला आणि आबांनी कपाळावर हात मारला. खालच्या पाइपाचं तोंड भलत्याच बाजूला होतं.

"जुना सोबत न्यायचा असतो," ते म्हणाले. "सगळ्यांना शिकवलं आन् आज म्याच इसरलो. चल."

"तुम्ही येता?"

"मग? तू परत गंडून येशील."

गेटाबाहेर पडून त्यांना महिने झाले होते. आम्ही रिक्षात बसलो, दोघांच्या मांडीवर एकेक रेडिएटर. जुना अजून थेंबथेंब गळत होता आणि माझी सलवार हिरवी होत होती. चौकात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाई आमच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, बघा, नीट बघा, हा मी काढलाय.

दुकानदार सलीमभाईंनी दोन्ही काउंटरवर ठेवले आणि जीभ चावली. "हौ बाजी, गलती हो गई. ये डीजलवाली का दे दिया मैं. रुको, अब्बी देतूं." मग त्यांचं लक्ष जुन्याच्या जाळीकडं गेलं, तिथून आबांकडं. "चच्चा, खोला किसने? जाली की एक पत्ती नहीं मुड़ी."

आबांनी माझ्याकडं बोट केलं. थरथरत्या हाताचंच. सलीमभाईंनी ते पाहिलं, माझ्या नखांकडं पाहिलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी आबांसाठी आतून खुर्ची मागवली. दोघं मग पितळेच्या रेडिएटरवर बोलत बसले. सलीमभाईंचे वडील डाग द्यायचं काम करायचे. आबा म्हणाले, "चाऊस गल्लीच्या मागं? म्या आलोय तिथं!" चहा आला. आबांनी कप डाव्या हातानं उचलला, उजव्यानं खालून आधार दिला, थोडा सांडला. पुसला. पुन्हा बोलू लागले. मी नव्या रेडिएटरला धरून बसले होते आणि पूर्वीचे आबा मला खूप दिवसांनी दिसत होते.

गुरुवारी बसवला. काढण्यापेक्षा बसवणं सोपं गेलं, कारण हात आता वाट ओळखत होते. जुन्याचे रबरी पाय नव्याला घातले, पंखा जोडला, पाइप चढवले, क्लिपा मागून पुढं आणल्या. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समान मिसळून नरसाळ्यानं हळूहळू ओतलं. झाकण लावलं. गाडी सुरू केली.

"हीटर फुल्ल लाव," आबा म्हणाले.

"आबा, वैशाख आहे."

"आतली हवा निघाली पाहिजे. लाव."

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस आणि आत हीटर. आम्ही दोघं पापडासारखे भाजत, इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडं बघत बसलो. काटा उठला. पावापर्यंत आला. निम्म्यावर आला. इतकं तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. काटा निम्म्याच्या वर सरकला.

"आबा…"

"बंद कर."

मी किल्ली फिरवली. उद्या पहाटे निघायचं होतं. काहीतरी उलटं लावलं असणार, सगळं इंजिनच घालवलं असणार. मी उतरून झाकण उघडायला हात नेला तर त्यांनी तो झटक्यानं बाजूला सारला. "तापल्यावर झाकन उघडलं तर तोंड भाजंल. डेपोत एकाचं भाजलेलं बघितलंय. आर्धा तास हात लावायचा नाय."

मग ते वाकले आणि त्यांनी तो थरथरता उजवा तळहात वरच्या पाइपाजवळ नेला, टेकवला, उचलला. मग खालच्या पाइपावर ठेवला. डोळे मिटले. मला सासूबाईंनी सांगितलेले त्यांचे मेंढपाळ वडील आठवले.

"वरचा कढत, खालचा गार," ते म्हणाले. "तुझं काय चुकलं नाय. हवा अडकलीय. पानी फिरंना. गाडीचं तोंड वर कर."

इंजिन निवल्यावर आम्ही गाडी पार्किंगच्या चढावर, तोंड वर करून लावली. झाकण उघडलं. मी वरचा पाइप मुठीत धरून दाबत राहिले, सोडत राहिले. गुडुक. एक मोठा बुडबुडा. गुडुक, गुडुक. पाणी खाली गेलं, तेवढं पुन्हा ओतलं. पुन्हा दाबलं. आबा मोजत होते की देवाचं नाव घेत होते कळलं नाही. मग झाकण लावून गाडी पुन्हा चालू केली.

काटा पावावर. काटा निम्म्यावर. आबांचा तळहात खालच्या पाइपावर.

"आला," ते पुटपुटले. "ऊन आला खालचा."

मी उतरून त्यांच्याशेजारी वाकले आणि एकदम समोरून घुर्रर्र आवाज झाला. जाळीतून गरम वारा माझ्या तोंडावर आला.

"पंखा!" मी ओरडले. "आबा, पंखा फिरला!"

"फिरला की! फिरला!" आबा दोन्ही हात वर करून ओरडत होते. वरच्या काकू, समोरचे निवृत्त मास्तर, इस्त्रीवाला, सगळे बाहेर आले. कुणाला काही कळत नव्हतं. मास्तरांनी विचारलं, "निकाल लागला का कसला?" मी म्हटलं, "हो, पास झाले." मिनिटभरात पंखा थांबला, काटा निम्म्यावर स्थिर झाला, दोन मिनिटांनी पंखा पुन्हा फिरला. आम्ही तीनदा तो फिरताना आणि थांबताना पाहिला. गाडी बंद करायची इच्छाच होईना. मी कित्येक विद्यार्थी पहिल्या वर्गात आणले, दोन पुस्तकं लिहिली, पण कुठलीच गोष्ट मी लावली आणि ती डोळ्यांसमोर फिरू लागली, असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी उजाडताना निघालो. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. दोन्हीकडं उलटून तापवलेली काळी रानं, मध्येच एखादा पेटलेला गुलमोहर. आबा रस्त्याकडं न बघता काट्याकडं बघत होते. गोळेगाव ओलांडल्यावर त्यांनी काटा सोडून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेव्हा मला धीर आला.

वस्तीवर मांडव होता. मेंढरं लांबच्या रानात हलवली होती तरी त्यांचा ऊबदार वास मांडवात होताच. चुलतसासरे पुढं आले, गाडीभोवती फिरले. त्यांना बातमी लागली होती. "आबा, तूच केली म्हनं दुरुस्त?"

"हात तिचे," आबा म्हणाले.

"आन् डोकं तुझं, व्हय ना?"

आबांनी थोडा विचार केला. "डोकं बी निम्मं तिचंच. पाइप तिनंच वळकला शेवटाला." हे खरं नव्हतं. मी गाडीतल्या पिशव्या काढायला वळले.

लग्न लागलं, पंगती उठल्या, ऊन कलल्यावर पाठवणीची वेळ झाली. नवरदेवाचं गाव घाटाखाली होतं. पाच मिनिटांची पाठवणी पाऊण तास चालली. रेणुका आईच्या गळ्यातून सुटून मागं बसली, शेजारी नवरदेव, पलीकडं धाकटी बहीण करवली म्हणून. पुढं आबा. मी गाडी सुरू केली. मागून हुंदके येत होते. आबांनी एकदा मागं वळून बघितलं आणि पुन्हा समोर. त्यांनी चालवीन म्हटलेली ही वाट होती. माझा हात गिअरवर होता. मी तो क्षणभर उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

घाटाच्या अर्ध्यात नवरदेवाकडची मोठी भाड्याची गाडी बिघडून आडवी उभी होती. बाजूनं जायला जागा नव्हती, म्हणून माघारी वळून, चढ चढून, माथ्यावर थांबावं लागलं. पहिल्या गिअरमध्ये, पाच माणसं, तळपता डांबरी चढ. माझे डोळे काट्यावर. रेणुकाचे हुंदके थांबले होते. ती दोन सीटांच्या मधून पुढं वाकली. "वहिनी, तुम्ही सारखं काय बघायलात तिथं?"

मी सांगितलं. काटा कुठं असला की बरं, कुठं गेला की वाईट, मघाशी वाजलेला तो आवाज कशाचा. नवरदेवालाही हे माहीत नव्हतं. माथ्यावर पोहोचलो तेव्हा काटा निम्म्यावर होता, केसभरही इकडंतिकडं नाही. आबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. रेणुका, डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेली नवरी, हसली आणि म्हणाली, "मला शिकवाल? चालवायला आन् हे सगळं बी?" आबा म्हणाले, "आधी सासरी तर पोच." अर्ध्या तासानं रस्ता मोकळा झाला आणि उजेड असतानाच आम्ही तिला तिच्या दारात उतरवलं.

तीन वर्षं झाली. आबांच्या हाताचं थरथरणं वाढलंय, चालही मंदावलीय. पण ते आता सोबत्यांना झोपलोय म्हणून सांगत नाहीत. सोबती येतात, खाली शेवग्याखाली खुर्च्या टाकून बसतात आणि शेजारपाजारची कुणी बाई गाडीची किल्ली घेऊन "ताई, जरा बघता का" म्हणत आली की मी वाकते आणि मागून चार म्हातारे एकदम सूचना देतात. मी त्यांना ओरडते. ते गप्प बसतात.

काल दुपारी गेटवर हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक. गॅलरीतून बघितलं तर निळी छोटी गाडी, साप्ताहिक सुट्टी घेऊन आलेली रेणुका, आणि ती चालकाच्या दारातून उतरत होती. घाट चढून, सिल्लोड-फुलंब्रीवरून, एकटी. आबांनी चप्पल शोधायलाही वेळ घेतला नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत ते खाली पोहोचेपर्यंत ती बॉनेट उघडून उभी होती, परीक्षक येण्याची वाट बघणाऱ्या मुलीसारखी. आबांनी सगळं नीट बघितलं. पाण्याची पातळी, पाइप, क्लिपा. मग म्हणाले, "बरी ठेवलीस."

"चला, फिरवून आणते," ती म्हणाली.

ते डाव्या बाजूनं जाऊन बसले. सीटबेल्ट ओढला. तो खाचेत जाईना. बोटं हुकत होती, पुन्हा पुन्हा. रेणुका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली. मी दाराशी उभी होते, मीही हात पुढं केला नाही. ऊन तळपत होतं. आम्हाला कुणालाच घाई नव्हती.

खटका लागला. "चल आता," आबा म्हणाले, आणि गाडी गेटाबाहेर पडली.